अक्षरी एकशे सदतीस

४ मार्च, दुपार

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे की आल्या पावली परत पाठवायचे ते तू ठरव. देणं माझ्या वयाकडे लागतं म्हणून दिले.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवते, कारण ती ऐकून घेणारं या संस्थेत कुणी उरलेलं नाही. मूल्यमापन समितीच्या खोलीत अध्यक्षांसाठी म्हणून जी खुर्ची ठेवली आहे, ती बुडते. मोडत नाही, करकरत नाही, पाडत नाही. बुडते. सकाळी बसते तेव्हा मी टेबलाच्या चांगली वर असते आणि सगळ्यांकडे न्यायबुद्धीनं पाहत असते. पहिला चहा येईपर्यंत टेबल छातीशी येतं. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास माझी हनुवटी फायलींवर टेकायच्या बेताला आलेली असते. अशा अवस्थेत काल मी म्हणाले, "संशोधनाकडे जरा उंचावरून पाहायला हवं." कुणी हसलंसुद्धा नाही. दांडा ओढून पुन्हा वर यावं, तर 'फुस्स' असा आवाज होतो आणि भौतिकीवाले गृहस्थ दर वेळी दचकून खिडकीकडे बघतात. देखभाल विभागाला कळवलं. उत्तर आलं : खुर्ची तपासली, दोष आढळला नाही. उभ्या उभ्या तपासून गेले असणार.

माझ्या स्वतःच्या खोलीतली खुर्ची उत्तम आहे. लाकडी, ताठ पाठीची. ती कुणाची, हा विषय आत्ता नको.

बाकी इकडे ठीक. गुडघे आहेत तिथेच आहेत. तुझ्या लेकीची परीक्षा कशी झाली ते कळलं नाही, कारण मला कळवायचं नाही असं तुमच्या घरात ठरलेलं दिसतं. काल आईला फोन केला. म्हटलं, "छोटी आहे का?" आई म्हणाली, "आहे की. समोरच बसलीय. पण ती म्हणते, ती बाजारात गेलीय." मागून तू ओरडलीस, "आई!" त्यावर आई मला म्हणते, "बघ, बाजारातून ओरडतेय."

म्हणून पत्र. फोन खाली ठेवता येतो. पत्र फार तर फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच.

तुझ्या धंद्यात बरं असतं गं. दात दुखत होता, तू काहीतरी केलंस, दुखायचा थांबला. काम झालं की नाही हे पेशंटचा गालच सांगतो. आमच्याकडे तसा गाल नाही. म्हणून आमच्या संस्थेनं मोजायला घेतलं. किती निबंध छापले, किती वजनदार मासिकात छापले, त्यांचा उल्लेख पुढे किती जणांनी केला; मारा बेरीज, झाला माणूस तयार. आता मोजण्याची मला लाज नाही. मी जन्मभर परागकणच मोजले. फुलांच्या धुळीतला एकेक कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचा आणि मोजायचा, म्हणजे कुठल्या हवेत काय आहे, कुणाला कशानं शिंका येतात हे सांगता येतं. पण धूळ मोजताना आम्ही निदान एवढं बघतो, की कण कशाचा आहे. संस्था आम्हाला मोजताना तेवढंही बघत नव्हती. मग लोक शहाणे झाले. एकाच संशोधनाच्या चादरीचे रुमाल फाडायला लागले, आणि रुमाल मोजून बढत्या मिळायला लागल्या. त्यावर मी संस्थेच्या अंकात वर्षानुवर्षं वेडंवाकडं लिहीत आले, हे तुला ठाऊक आहे. तू हसत होतीस तेव्हा.

आणि मग काय झालं, तर कुणीतरी माझं ऐकलं. टवाळखोराचं याहून मोठं नुकसान होत नाही. नवे साहेब म्हणाले, "फार बोलता ना, मग करा नवी पद्धत." केली. प्रत्येकानं दोन पानं लिहायची, आपल्या कामाची गोष्ट, साध्या भाषेत. तुमच्यामुळे कुणाचं काय बदललं, बरोबरीनं केलं असेल तर तुमचा वाटा नेमका कोणता. फसलेला प्रयोग चालेल, इतरांना वापरायला दिलेली माहिती चालेल, घडवलेली माणसं चालतील. आकडा मात्र चालणार नाही. संगणकावर भरताना आकडा दाबला तर तो उमटतच नाही, ही खास माझी सूचना. मला वाटलं, आकडे काढून घेतले की मागची माणसं दिसायला लागतील.

तुझ्या नवऱ्याची दोन पानं परत आली, हे तुला कळलं आहे. दुसरी संधी आहे, हेही कळलं असेल. तीही हुकली तर नोकरीची पुढची पाच वर्षं मिळायची नाहीत, जूनमध्ये निरोपाची भाषणं, आणि मग संस्थेचं ते घर सोडावं लागणार. तुम्ही, आई, आईचे ते अकरा औषधांचे डबे, लेकीचं ऐन शेवटचं वर्ष. हे सगळं मला दिसत नाही असं समजू नकोस.

त्याचा विषय निघाला तेव्हा मी खोलीत नव्हते. नातेवाइकानं बाहेर जायचं हा नियम आहे आणि तो मी पाळला. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं.

तुझी
ताई

ता. क. खोलीतून बाहेर जाताना मी काही बोलले नाही, असं मी वर कुठेही म्हटलेलं नाही.


९ मार्च

छोटे,

आशीर्वाद आहेतच. मागचेही तसेच पडून असतील, एकदमच घे.

पत्र तुमच्या जिन्याखालच्या पेटीतून कुणीतरी नेलं हे मी स्वतः जाऊन पाहून आले. उत्तर आलं नाही. आईनं मात्र निरोप दिला, की तू म्हणालीस, "ताईचा विनोद सगळ्यांना कळतो. सोसायला मीच लागते." हे वाक्य माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं आहे. मला आवडलं नाही.

तर मग ते सांगून टाकते, जे मागच्या पत्रात ताज्या कलमात कोंबलं.

पानांवरची नावं झाकलेली असतात. पण तुझ्या नवऱ्याचं पान पहिल्या ओळीतच ओळखू आलं. आकडा उमटत नाही म्हटल्यावर त्यानं काय करावं? त्यानं आकडे अक्षरात लिहिले. 'प्रस्तुत संशोधकाचे एकशे सदतीस शोधनिबंध प्रकाशित असून त्यांपैकी एकोणसाठ निबंधांत तो प्रथम लेखक आहे.' दोन पानं, छोटे, पूर्ण दोन पानं असंच. एकोणसाठ, त्र्याहत्तर, चौऱ्याऐंशी, सगळे शुद्धलेखनासकट बरोबर. लहानपणी उजळणी घोकून घेतलेल्या पिढीलाच हे जमेल.

मी नियमाप्रमाणे उठले. उठताना खुर्ची बोलली, 'फुस्स'. खोली आधीच हसायला टपलेली होती, ती हसली. आणि हसणाऱ्या खोलीतून गप्प बाहेर पडणं मला जन्मात जमलेलं नाही. दारात वळून मी म्हटलं, "रक्कम अक्षरी लिहिली आहे. चेक असता तर वटला असता."

मी बाहेर पडले. विनोद आत राहिला. नियम नातेवाइकांना होता, विनोदाला नव्हता.

नंतर काय चर्चा झाली मला माहीत नाही. फार झाली नसावी. पानावर शेरा आला, 'आशय अपुरा. सुधारून सादर करावे.' दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये चेक पोचला होता. चहावाला मला म्हणतो, "काय मॅडम, वटला का?" तुझा नवरा तेव्हा रांगेत मागे तिसरा उभा होता. त्यानं हातातलं ताट परत चळतीवर ठेवलं आणि निघून गेला. मी त्याला पाहिलं. त्यानं मला पाहिलं की नाही, ते मी स्वतःला सारखं वेगवेगळं सांगते.

काल त्याच्या खोलीत गेले. तुला माहीतच आहे, तो मला बाहेर मॅडम म्हणतो आणि दार लावलं की ताई. तुझ्या लग्नाच्या आधीपासून आम्ही शेजारच्या टेबलांवर डोळे फोडलेत, तरी तुझ्यामुळे मिळालेलं ते 'ताई' त्यानं कधी सोडलं नाही. काल दार लावलं, तरी म्हणाला, "या मॅडम, बसा."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"कशाचं?"

"चेकचं."

"चांगला होता की. दुसऱ्या कुणाचा असता तर मीही हसलो असतो."

समोर पडद्यावर ती दोन पानं उघडी होती. कोरी. मग तो बोलला, आणि माझ्याकडे न बघता बोलला, म्हणून तुला लिहिते आहे; घरी बोलला नसेल.

"मी इथे आलो तेव्हा मला फक्त कण ओळखायचा नाद होता, मॅडम. पहिल्या वर्षी एकच निबंध लिहिला. जीव ओतून. तेव्हाच्या साहेबांनी बोलावलं, म्हणाले, 'एक? पलीकडच्या खोलीत पाच आहेत.' पुढच्या वर्षी मी सहा केले. साहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतर तुम्ही जे मोजाल ते मी करत आलो. आता म्हणता, मोजणार नाही, तू काय केलंस ते सांग. काय सांगू? सांगाल ते केलं, असं लिहू?"

 मला विनोदसुद्धा सुचला नाही, तेव्हा घाबरले.

तेवढ्यात दारावर टकटक. आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे. तिला मी मनातल्या मनात धांदल म्हणते, कारण ती चालत कधी येतच नाही. "सर, दोन मिनिटं?" मी बसलेली पाहून ती परत फिरणार होती. तो म्हणाला, "ये ये, मॅडम घरच्याच आहेत." (हे त्याच्या तोंडून निघून गेलं. नंतर त्यानं जीभ चावल्यासारखं केलं.) ती त्याच्या टेबलाशेजारच्या डुगडुगत्या स्टुलावर बसली आणि निबंधाचा कच्चा खर्डा वाचायला लागली.

"वाचू नकोस," तो म्हणाला. "सांग. काय दिसलं तुला?"

"सर, प्रस्तुत अभ्यासात असं निदर्शनास आलं की..."

"माझ्या निदर्शनास नको आणूस. तुझ्या आईला सांगतेस तसं सांग."

तिनं श्वास घेतला. "सर, रस्त्याकडेच्या ज्या झाडांमुळे शिंका येतात म्हणून लोक ती तोडा म्हणतात ना, त्यांचे कण हवेत फारसे नाहीतच. शिंका खालच्या गवतानं येतात. झाड उगाच बदनाम."

"मग हे कुठाय तुझ्या खर्ड्यात?"

"चौथ्या पानावर."

"पहिल्या ओळीत आण. झाड निर्दोष आहे, असं म्हण आणि मग पुरावे दे. वाचणाऱ्याला चार पानं कशाला ताटकळत ठेवतेस? त्यानं काय पाप केलं?"

ती हसत पळाली. ती गेली तर दुसरा आला, दुसऱ्या मजल्यावरचा, आमच्या विभागाचाही नाही. मग आणखी एक. तासाभरात मी माझ्या माफीचं उरलेलं वाक्य काही बोलू शकले नाही.

शेवटी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"हे. ही वर्दळ."

"हे होय? हे मधल्या वेळात. येतात पोरं."

"त्यांच्या निबंधांवर तुझं नाव असतं?"

"माझं कशाला? बघितलं त्यांनी."

छोटे, हा माणूस स्वतःच्या चादरीचे रुमाल करत आला हे खरं. भरपूर केले, त्यातले काही नाक पुसायच्याही लायकीचे नव्हते, हे मी त्याच्या तोंडावर बोललेली आहे. पण दुसऱ्याच्या चादरीला त्यानं कधी हात लावला नाही. या इमारतीतून बाहेर गेलेला जो जो निबंध माणसाला वाचता येतो, तो त्या डुगडुगत्या स्टुलावरून गेलेला आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. मी बढत्यांची टिंगल करण्यात मग्न होते.

"अरे मग हेच लिही की!" मी म्हटलं.

"आणि साक्षीला पोरांची नावं द्या, असा तुमचाच नियम. म्हणजे मी त्यांच्याकडे पावती मागू? उद्या दारात यायला कचरतील. राहू द्या, मॅडम."

मी साक्ष देऊ शकत नाही, कारण नातेवाइकाची साक्ष चालत नाही. हाही नियम माझाच. पुन्हा कधी नियम करायला बसले तर माझा हात धर.

आता तुझ्याकडचं काम. वीस तारखेला कामांची मांडणी आहे. मोठ्या सभागृहात प्रत्येकाला एक टेबल मिळणार, आपण काय केलं ते त्यावर मांडायचं, समिती आणि बाहेरून बोलावलेल्या परीक्षक बाई टेबलाटेबलापाशी हिंडणार. ती त्याची दुसरी आणि शेवटची संधी. तो काय मांडणार ते त्यानं मला सांगितलं. सगळे निबंध, बांधणी केलेले, ते लाल गठ्ठे, जे तुमच्या माळ्यावर आहेत. त्या गठ्ठ्यांमागे तो बसला, तर समितीला गठ्ठे दिसतील, आणि मग पुन्हा कुणालातरी चेक आठवेल.

ते गठ्ठे येऊ देऊ नकोस.

समितीची अध्यक्ष म्हणून हे मी कुणालाही लिहिता कामा नये. त्याच्या निर्णयात मी नाही, मतही देणार नाही, पण तरीही नये. म्हणून हे मी अध्यक्ष म्हणून लिहिलेलं नाही. तू माझ्याशी बोलू नकोस, हवं तर जन्मभर नको. एवढं बघ.

एक राहिलं. तो स्वतः कशावर बसतो, पाहिलं आहेस कधी? समितीच्या खोलीतल्या खुर्चीची सख्खी बहीण. पोरांचे खर्डे बघता बघता तासात तो इतका खाली जातो, की टेबलाच्या कडेवरून नुसते डोळे दिसतात. माझ्या खोलीतली लाकडी खुर्ची त्याची आहे. माझी पाठ धरली होती तेव्हा त्यानंच उचलून आणून दिली. म्हणाला होता, "पाठ सुटली की द्या, ताई." पाठ केव्हाच सुटली.

तुझी
ताई


२१ मार्च, संध्याकाळ

प्रिय छोटे,

आशीर्वाद. आता हिशेब ठेवायचं सोडून दिलं आहे.

निकाल तुला कालच कळला. तो सांगायला लिहीत नाही. पण तो कसा लागला, हे तुला त्याच्याकडून कळणार नाही. तो तुला म्हणाला असेल, "ठीक झालं." गावाला आग लागली तरी तो "ठीक आहे, जरा धूर आहे" म्हणेल.

सभागृह कसं दिसत होतं सांगते. भौतिकीवाल्यांनी एक यंत्र आणलं होतं, त्याला दिवे होते आणि ते लागत होते. यंत्र काय करतं, विचारल्यावर ते म्हणाले, "दिवे लागतात म्हणजे ते चालू आहे." एका सद्‌गृहस्थांनी आपल्या विनम्रतेचा पुरुषभर उंचीचा फलक लावला होता, मधोमध स्वतःचा फोटो. रसायनवाल्या बाईंनी फक्त आपले फसलेले प्रयोग मांडले, कोणता कुठे आणि का फसला ते लिहून. त्यांच्या टेबलावर सगळ्यात गर्दी. लोक वह्या काढून उतरवून घेत होते, कारण त्याच खड्ड्यात ते पुढच्या महिन्यात पडणार होते. ते पाहून मला पहिल्यांदाच वाटलं, की ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही.

आणि कोपऱ्यात तुझ्या नवऱ्याचं टेबल. पांढरा कपडा, एक पेन, बास.

तुझं उत्तर आलं नाही, पण गठ्ठेही आले नाहीत. आईनं फोनवर सांगितलं, माळ्याच्या कुलपाची किल्ली तुझ्या पर्समध्ये होती आणि तू पर्ससकट सकाळीच दवाखान्यात गेलीस. "बाजारात गेली असेल," मी म्हटलं. आई म्हणाली, "हो, दात आणायला."

तो बसला होता शेवटची बस निघून गेल्यासारखा. मी लांब उभी राहिले. धांदलीला आणि बाकीच्यांना गोळा करून त्याच्यासमोर बसवावं, असं इतकं मनात आलं की हात खिशात घालून ठेवले. एकाला जरी बोलावलं असतं तर ती मांडणी माझी झाली असती. कुणालाही काही सांगितलं नाही. हे तू मान.

परीक्षक बाई तोवर अर्धं सभागृह फिरल्या होत्या. वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला, कुणाच्याही बोलण्यावर मान न डोलावणाऱ्या. त्या तिकडे वळायच्या आत दारातून धांदल आली. खांद्याला पिशवी, हातात खर्डा, नजर सैरभैर. तिला सर सापडले तशी ती सरळ चालत, म्हणजे पळत, गेली, कुणाच्या तरी टेबलाची घडीची खुर्ची ओढली आणि बसली. कारण काय, तर निबंध धाडायची मुदत शुक्रवारी. मांडणी-बिंडणी तिच्या गावीही नव्हती. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचा तो. मग एक मुलगी, जिला मी कधी पाहिलेली नाही. त्यांना त्याच्या खोलीला कुलूप दिसलं होतं, म्हणून सगळी पोरं विचारत विचारत इथवर आली. रांग झाली, छोटे. रिकाम्या टेबलापुढे रांग.

परीक्षक बाई रांगेशी येऊन थांबल्या. "इथे काय मांडलंय?"

त्यानं मान वर केली नाही. "काही नाही. जरा दोन मिनिटं बसा, हिचं संपू दे."

माझ्या शेजारी साहेब उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाई बसल्या. तो धांदलीला म्हणत होता, "झाड निर्दोष आहे, इथवर छान. पण गवतावर एवढी का चिडलीस? गवताचीही काही बाजू असेल. मोजलंस तेवढंच म्हण." तिनं खोडलं. बाई ते सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही इथे नेहमी येता?"

"इथे नाही, सरांच्या खोलीत. पण आज सर इथे आहेत ना."

"कुणी सांगितलं त्यांच्याकडे जायला?"

धांदलीला प्रश्नच कळला नाही. "सगळेच जातात," ती म्हणाली.

बाईंनी त्याची ती परत आलेली दोन पानं काढली. "हे यात कुठे आहे?"

"ते मधल्या वेळातलं काम आहे," तो म्हणाला.

"म्हणजे मधला वेळ सोडून जो उरला, तेवढ्याबद्दलच तुम्ही लिहिलंत."

 मागच्या मुलीनं घसा खाकरला. तिची पाळी होती.

दुपारी समिती बसली. त्याचा विषय आला, मी उठले. या वेळी खुर्ची गप्प होती. ती आधीच तळाला गेलेली. दारात थांबून मी म्हटलं, "मागच्या वेळी जाताना मी इथे एक वाक्य टाकून गेले होते. ते घेऊन जायला आले आहे. त्याचा वापर कुणी करू नये." कुणी हसलं नाही. भौतिकीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं.

मग मी बाहेर बाकावर बसून होते. आतून आवाज येत होते. कुणीतरी म्हणत होतं, माणसानं स्वतःच मागितलं नाही ते आपण कशाच्या आधारावर द्यायचं? प्रश्न बरोबर आहे. परीक्षक बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ त्याच बोलत होत्या.

पाच वर्षं नाहीत. दोन. दोन वर्षांनी पुन्हा बघणार, आणि तोवर त्यानं ती पानं नीट लिहायची. घर राहिलं, आई राहिली, लेकीचं वर्ष राहिलं. न्याय झाला का, मला विचारू नकोस. एकानं मोजून माणसाला वाकडं वाढवलं, आणि मग आम्ही येऊन विचारलं, तू वाकडा का? हे सरळ करायला दोन वर्षं पुरतात की नाही, मला माहीत नाही. दमले आहे मी. पूर्वी एवढं दमले की विनोद करायची.

तो बाहेर आला तेव्हा मी बाकावरच होते. म्हणाला, "दोन वर्षं." मी म्हटलं, "हो." जरा उभा राहिला. मग म्हणाला, "आईंना मी सांगू की तुम्ही सांगताय, ताई?"

ताई म्हणाला. चुकून असेल. मी दुरुस्त केलं नाही.

आज संध्याकाळी तो घरी गेल्यावर लाकडी खुर्ची उचलून खाली घेऊन गेले. जिन्यात दोनदा टेकवावी लागली. पाठ सुटली आहे असं मी जे वर्षानुवर्षं समजत होते ते तितकंसं खरं नाही असं दिसलं. त्याच्या टेबलामागे ठेवली, आणि त्याची ती बुडणारी ढकलत माझ्या खोलीत आणली. चिठ्ठीबिठ्ठी ठेवली नाही. तूही त्याला काही बोलू नकोस. सकाळी बसेल तेव्हा त्याला कळेल, आणि नाही कळलं तरी पोरांना त्याचा चेहरा दिसेल.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा टेबल माझ्या कमरेशी होतं. आता कागद डोळ्यांच्या पातळीला आला आहे आणि अक्षर तिरकं जायला लागलं आहे, म्हणून थांबते. किल्ली आता पर्समधून काढलीस तरी चालेल.

बरीच खाली आलेली,
तुझी
ताई